बिनदाती गोंदाजीचे चिरोटे

एका जंगलात, जिथं अजून डांबरी रस्ता पोचलेला नाही, एका जुन्या जांभळीखाली एक भट्टी होती.

मुलांनो, मांडी घालून बसा. गोष्ट खाण्याची आहे. तोंडाला पाणी सुटलं तर गिळा. मध्ये बोलायचं नाही.

भट्टी गोंदाजीची होती. गोंदाजी म्हणजे खवल्या मांजर. नावात मांजर आहे, पण मांजराशी त्याचं काही नातं नाही. त्याच्या अंगभर खवले. एकावर एक, एकावर एक. राग आला की तो अंगाचा गोळा करून बसायचा. मग त्याला उलगडणं वाघालाही जमत नसे.

गोंदाजी चिरोटे करायचा.

जंगलात मैदा कुठून आला, तूप कुणी कढवलं, असले प्रश्न मनात आणू नका. गोष्टीत मैदा असतो.

चिरोटा सोपा नाही. तूप आणि तांदळाची पिठी तळहातानं फेसायची. किती? हात भरून येईपर्यंत. याला साटा म्हणतात. मग साट्याचा एक थेंब पाण्यात टाकायचा. तरंगला तर साटा झाला. बुडाला तर पुन्हा फेसायचा. पातळ पोळी लाटायची. तिच्यावर साटा. वर दुसरी पोळी. पुन्हा साटा. वर तिसरी. मग घट्ट गुंडाळी करायची, कापायची, तुकडा हलक्या हातानं लाटायचा आणि मंद आचेवर तुपात सोडायचा. घाई केली की पदर सुटत नाहीत. पदर सुटले नाहीत तर ती नुसती तळलेली चकती. तिला चिरोटा म्हणू नये.

प्रत्येक घाण्यातला एक चिरोटा गोंदाजी उचलायचा. कानाशी न्यायचा. मोडायचा.

'चुर्र' वाजलं की म्हणायचा, "झालं."

'फस्' वाजलं की म्हणायचा, "नाही झालं."

'कट्' वाजलं की म्हणायचा, "फेका."

चिरोट्यांबद्दल तो यापलीकडे बोलत नसे. यापलीकडे बोलण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नसे.

तो स्वतः चिरोटा खात नसे. खवल्या मांजराला जन्मापासून दात नसतात. एकही नसतो. लांब जीभ असते. त्या जिभेनं ते मुंग्या खातं. सकाळी मुंग्या, संध्याकाळी मुंग्या.

मग तो चिरोटे का करायचा?

ऐका. चिरोटा खुसखुशीत झाला की खाणाऱ्याच्या तोंडातून चुरा सांडतो. चुऱ्याला मुंग्या येतात. मुंग्या गोंदाजी खातो. चिरोटा जितका खुसखुशीत, चुरा तितका जास्त. म्हणून इतक्या वर्षांत त्यानं साटा एकदाही कमी फेसला नाही. शहाणे लोक याला कलेवरची निष्ठा म्हणतात. गोंदाजी याला जेवण म्हणायचा.

भट्टी गेली तर चुरा गेला. चुरा गेला तर मुंग्या गेल्या. मुंग्या गेल्या तर गोंदाजी गेला. एवढं डोक्यात ठेवा.

आणखी एक गोष्ट ठेवा. त्या जंगलात लग्नाची एक रीत होती. वऱ्हाड आलं की आधी चिरोटा मोडायचा. कुठं? नवऱ्या मुलाच्या आईच्या कानाशी. चुर्र झालं तर लग्न लागायचं. नाही झालं तर वऱ्हाड आल्या पावली परत. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रीत होती.

भट्टीला लाकडं आणायची तानूबाई अस्वल. मोळी खाली टाकायची, दोन चिरोटे तोंडात कोंबायची आणि म्हणायची, "आबा, अजून एक."

सगळं जंगल एवढंच म्हणायचं. अजून एक. गोंदाजीला त्यातच सगळं कळायचं.

मग एक दिवस मिठाराम आला.

मिठाराम पोपट होता. शहरात एका बेकरीच्या दाराशी त्यानं पिंजऱ्यात बारा वर्षं काढली होती. केक, पेस्ट्री, खारी, पफ, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत येत-जात होतं. त्यातलं त्यानं काहीही खाल्लं नव्हतं. त्याला मिरची मिळायची. पण गिऱ्हाइकं खाताना काय काय बोलतात, ते त्यानं पाठ केलं होतं.

तो जांभळीवर बसला. त्यानं एका चिरोट्याला चोच लावली. डोळे मिटले. मान वाकडी केली.

"वाहवा! वरून खुसखुशीत! आतून लुसलुशीत! मधोमध किंचित भुसभुशीत!"

खाली रांग होती. रांगेतली हरणी तानूबाईला म्हणाली, "अगंबाई! आपण इतकी वर्षं नुसतंच खात होतो की हो!"

सगळ्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून नुसतं खाणं बंद झालं. आधी बोलायचं, मग घास घ्यायचा.

ससा पुढं आला. चिरोटा हातात धरून म्हणाला, "कुरकुरीत, चुरचुरीत, मिशांवरती भुरभुरीत!"

"शाब्बास!" मिठाराम म्हणाला. "खा."

वानर म्हणाला, "खमंग, तरंग, जिभेवरती पतंग!"

"पतंग कसा काय?" गोंदाजीनं विचारलं.

"यमक जुळतं, आबा."

"चिरोट्यात पतंग नाही."

"तुम्हाला नाही कळायचं ते," वानर म्हणाला आणि खाऊ लागला.

मग रानडुकराची पाळी आली. त्याला काही सुचेना. तो घामाघूम झाला. डोळ्यांत पाणी आलं.

"मला आवडतो हो," तो म्हणाला.

"आवडतो, पुढं?" मिठारामनं वरून विचारलं.

"मला आवडतो... आणि... आणि खाताना सांडतो!"

सगळे हसले. गोंदाजी हसला नाही. त्यानं डुकराला दोन चिरोटे जास्त दिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं होतं.

पण एकेकाचं वर्णन लांबत चाललं. रांग संध्याकाळपर्यंत पुरू लागली. ताटातले चिरोटे वाट बघून सादळले. सादळलेला चिरोटा सांडत नाही. गोंदाजीच्या पोटात एक कोपरा रिकामा राहू लागला.

त्यानं मिठारामला हटकलं.

"पोपटा, यांना खाऊ दे. गार होतंय."

मिठाराम खालच्या फांदीवर आला. "आबा, तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं. बरं, आता तुम्हीच सांगा. तुमचा चिरोटा कसा आहे?"

"खाल्ला की कळतं."

"पण तुम्ही काय म्हणाल?"

"झालं म्हणेन."

"झालं ही काय चव झाली?"

गोंदाजी झारा हलवत राहिला.

"खुसखुशीत म्हणा, लुसलुशीत म्हणा. काहीतरी म्हणाल की नाही?" मिठाराम थांबला. त्यानं मान तिरकी केली. "आबा, तुम्ही स्वतः कधी खाल्लाय का हा?"

"नाही."

"नाही? का?"

"दात नाहीत."

गोंदाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. त्यानं तोंड उघडून दाखवलं. आत गुळगुळीत होतं.

 सशाच्या हातातला चिरोटा खाली पडला.

"म्हणजे," हरणी म्हणाली, "इतकी वर्षं आपण दात नसलेल्याच्या हातचं खाल्लं?"

"आणि वर अजून एक म्हणालो!" वानर म्हणाला.

गोंदाजी म्हणाला, "चिरोट्याला दात लागले, तर चिरोटा बिघडला."

बोलला ते खरं होतं. पण त्याला यमक नव्हतं. कुणी ऐकलं नाही.

गोष्ट वाघाच्या कानावर गेली. वाघ वाईट नव्हता. मात्र नवं काही ऐकलं की आपण मागं पडलो, असं त्याला वाटायचं.

मिठाराम म्हणाला, "महाराज, शहरात असं चालत नाही. ज्याला चव कळते, त्याच्याच हातात भट्टी देतात."

"चव कळते हे कळायचं कसं?" वाघानं विचारलं.

"दातांवरून, महाराज. चव दातांत असते. जितके दात, तितकी चव."

वाघानं जिभेनं स्वतःचे दात चाचपले. त्याला हे पटलं.

दगडावर नियम कोरला गेला: ज्याचे दात जास्त, त्याची भट्टी.

दुसऱ्या दिवशी सगळं जंगल तोंडं उघडून ओळीनं उभं राहिलं. मिठारामनं मोजणी केली. वाघ तीस. तानूबाई चाळीस. रानडुक्कर चव्वेचाळीस. डुकराची मान ताठ झाली.

मग नदीवरून भीमाबाई आली. भीमाबाई मगर होती. तिनं जबडा उघडला. मिठारामनं लांबूनच मोजले.

"सहासष्ट!"

जंगलात टाळ्या पडल्या.

शेवटी गोंदाजी. मिठारामनं त्याच्या तोंडात डोकावून मोठ्यानं सांगितलं, "शून्य." मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं, "शून्य!"

 गोंदाजीनं अंगाचा गोळा केला.

"आबा, उलगडा की," तानूबाई म्हणाली. "आबा, असं करू नये."

तो उलगडला नाही. तिनं त्याला ढकलत ढकलत टेकडीपलीकडे नेलं. तिथं भुसभुशीत मातीत एक मोठं वारूळ होतं. त्याच्या आडोशाला त्याला ठेवलं आणि ती डोळे पुसत घरी गेली.

भट्टी भीमाबाईची झाली.

भीमाबाईनं पदर खोचला आणि साटा फेसला. चार वेळा हात फिरवला आणि म्हणाली, "पुरे."

तानूबाई भीत भीत म्हणाली, "बाई, आबा थेंब पाण्यात टाकून बघायचे. तरंगतो का ते."

"पाण्यात काय तरंगतं ते मला शिकवू नकोस," भीमाबाई म्हणाली. "माझा जन्म पाण्यात तरंगण्यात गेलाय."

जाळ मोठा केला. सगळे चिरोटे एकदम कढईत लोटले. बाहेर आले ते लालबुंद आणि सपाट. पदर कसले सुटतात! एकमेकांना घट्ट मिठी मारून बसले होते.

भीमाबाईनं एक चिरोटा वर उडवला आणि गट्टकन गिळला. मगर चावत नाही. मगर गिळते. तिच्या तोंडात सहासष्ट दात होते, पण चिरोट्याची त्यांतल्या एकाशीही गाठ पडली नाही.

"उत्तम झालाय," ती म्हणाली.

"खुसखुशीत! लुसलुशीत!" मिठाराम ओरडला. त्यानं चोचसुद्धा लावली नव्हती.

पहिला ससा होता. त्यानं ऐटीत पुढचे दोन दात रोवले.

'कट्' असा आवाज झाला.

सगळ्यांनी ऐकला. चिरोटा मात्र होता तसाच होता.

सशाचे डोळे मोठे झाले.  मग तोंड बंद ठेवता येईल तितकं बंद ठेवून म्हणाला, "खुफखुफीत!"

मिठारामनं पंख फडफडवले. "वा! नवा शब्द! बेकरीतही ऐकला नव्हता!"

ससा खरं का बोलला नाही? सांगतो. नियमाला एक शेपूट फुटलं होतं. ज्याचे दात कमी होतील त्याची चव कमी झाली असं समजावं, आणि त्याला रांगेत शेवटी उभं करावं. ससा नेहमी पहिला असायचा. त्याला शेवटी जायचं नव्हतं.

मग हरणी खुफखुफीत म्हणाली. वानर लुफलुफीत म्हणाला. आठवडाभरात जंगलात कुणी 'खुसखुशीत' म्हणेना. जुनाट शब्द वाटायला लागला.

आणि भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, एकेक जण इकडंतिकडं बघत टेकडी ओलांडायचा. मुठीत काहीतरी असायचं. वारुळाजवळची माती मऊ. तिथं उकरायचं, पुरायचं, माती थोपटायची आणि परत यायचं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच.

आता टेकडीपलीकडे गोंदाजीचं काय झालं ते बघू.

तीन दिवस तो गोळा होऊन पडला. चौथ्या दिवशी भुकेनं त्याला उलगडलं. वारुळात तोंड घातलं तर थोड्याच मुंग्या होत्या, आणि त्याही सामान बांधून निघालेल्या. भीमाबाईच्या चिरोट्याचा चुरा पडत नव्हता. मुंग्यांच्या रांगा नदीपलीकडच्या जंगलाकडे चालल्या होत्या.

गोंदाजी वाळला. खवले सैल झाले. चालताना ते एकमेकांवर वाजायचे. आत राहिलेल्या चार मुंग्यांसाठी तो रोज खोल खोल उकरायचा.

एक दिवस नखाला काहीतरी लागलं. बघतो तर दात. सशाचा.

पुढं आणखी उकरलं. वानराचा. हरणीचे तीन. डुकराचे पाच. मग एक पिवळा, वाकडा, बोटाएवढा सुळा निघाला. तो कुणाचा, हे गोंदाजीनं बघताच ओळखलं. तसे सुळे जंगलात चारच होते.

तो म्हणाला, "फेका म्हणायला हवं होतं."

ते चिरोट्याबद्दल होतं.

दात त्यानं धुतले आणि वाळलेल्या भोपळ्यात ठेवले. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सापडलेली वस्तू टाकायची नाही, एवढंच. रोज उकरायचा, रोज चार-दोन सापडायचे. भोपळा भरत चालला आणि पोट खपाटीला गेलं.

एका दुपारी तानूबाई आली. तोंडावर पंजा.

"काय गं?" गोंदाजी म्हणाला. "पंजा काढ."

"फर्दी झालीय, आबा."

"चिरोटे कसे होतात?"

"खुफखुफीत."

"खरं सांग."

तानूबाई मटकन खाली बसली आणि रडू लागली. "दगड आहेत, आबा. नुफते दगड. माझे पुढचे चार गेले. कुणाला फांगू नका."

"नाही सांगणार."

"आणि परवा महाराजांच्या लेकीचं लग्न. विहीणबाई नदीपलीकडची, जुन्या वळणाची वाघीण. ती म्हणे नुफतं ऐकते. बोललेलं तिला चालत नाही."

गोंदाजीनं वारुळाशेजारच्या भोपळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आवाज होणार नाही."

"तेच म्हणते मी."

"लग्नाला मी येईन," गोंदाजी म्हणाला. "भोपळा उचलायला ये."

लग्नाचा दिवस उजाडला. जांभळीला पानांची तोरणं. वऱ्हाड नदी ओलांडून आलं. पुढं विहीणबाई. म्हातारी वाघीण, एक डोळा बारीक, कान मात्र ताठ. नवरी झाडाआडून नवऱ्याकडे बघत होती. नवरा तिला पसंत होता. ती पुन्हा पुन्हा बघत होती.

वाघ भीमाबाईचा चिरोटा घेऊन पुढं आला. मिठारामनं गळा साफ केला.

"खुसखुशीत, लुसलुशीत, विहीणबाई खुशीत..."

"त्या पोपटाला गप्प करा," विहीणबाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

मिठाराम गप्प झाला. सगळं जंगल गप्प झालं.

वाघानं चिरोटा विहिणीच्या कानाशी नेला. दाबला.

काही झालं नाही.

दोन्ही पंजांनी दाबला. चिरोटा वाकलासुद्धा नाही. वाघ ओशाळून हसला. त्यानं तो डुकराकडे दिला. डुक्कर त्यावर उभं राहिलं. मग उडी मारली. शेवटी त्यानं तो खडकावर आपटला. खडकाची कपची उडाली.

विहीणबाईंनी कान खाजवला.

"व्याही, हा चिरोटा नाही. ही धमकी आहे."

"विहीणबाई, ऐकून घ्या..."

"ऐकायलाच आले होते. सूर्य जांभळीच्या शेंड्याखाली जाईपर्यंत थांबते. तोवर चुर्र ऐकवलंत तर लेक तुमची, घर आमचं. नाहीतर आम्ही निघालो. ऊठ रे बाळा, जोडे घाल."

झाडाआडून हुंदका ऐकू आला.

वाघ इकडंतिकडं बघू लागला. गर्दीच्या मागं खवले वाजले. गोंदाजी उभा होता. बाजूला तानूबाई, डोक्यावर भोपळा.

"गोंदाजी," वाघ म्हणाला, "भट्टीवर बस."

"नियम?" गोंदाजी म्हणाला.

मिठाराम लगेच पुढं झाला. "बरोबर. नियम दगडात कोरलाय, महाराज. तो मोडलात तर व्याह्यांच्या देखत तुमचा शब्द मोडला."

"आणि माझे सहासष्ट आहेत," भीमाबाई म्हणाली. "एकही हललेला नाही. मोजून घ्या."

वाघानं वर पाहिलं. सूर्य शेंड्याला टेकला होता.

"नियम मोडू नका," गोंदाजी म्हणाला. "मोजा."

तानूबाईनं भोपळा उपडा केला.

खळखळ खळखळ दात पडले. ढीग झाला. पांढरे, पिवळे, किडके, सुळे, दाढा.

मिठारामनं मोजले. मोजताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"एक्क्याऐंशी."

भीमाबाईचा जबडा उघडा राहिला.

"पण हे तुझे नाहीत!" मिठाराम ओरडला.

"नसतील," गोंदाजी म्हणाला. "ज्याचे असतील त्यानं पुढं यावं आणि उचलावेत."

कुणी पुढं आलं नाही.

सशानं आपले दोन दात बघितले आणि मग आभाळाकडे बघितलं. हरणी पुढच्या खुरानं माती उकरू लागली. डुकरानं तोंड इतकं घट्ट मिटलं की त्याचे कान हलले. वाघानं ढिगाकडे पाहिलं. वरच बोटाएवढा सुळा होता. वाघ त्याच्याकडे बघत राहिला. सगळं जंगल वाघाकडे बघत राहिलं. वाघानं ओठ आवळले.

मग ओठ शक्य तितके कमी हलवत त्यानं विचारलं, "बेवारस वस्तू कुणाची?"

तानूबाईनं तोंडावरचा पंजा काढला. पहिल्यांदाच.

"ज्याला फापडली त्याची, महाराज!"

कुणी हसलं नाही. हसायला तोंड उघडावं लागतं.

"न्याय झाला," वाघ म्हणाला. "गोंदाजीचे दात एक्क्याऐंशी. भट्टी गोंदाजीची."

विहीणबाई मिशीत हसल्या. त्यांचे स्वतःचे दात केव्हाच पडले होते. त्यांच्या जंगलात त्याची लाज नव्हती.

गोंदाजी भट्टीवर बसला. त्यानं साटा फेसायला घेतला. फेसत राहिला. फेसत राहिला.

"लवकर," वाघ म्हणाला.

गोंदाजीनं थेंब पाण्यात टाकला. बुडाला.

"पुन्हा," तो म्हणाला.

"अरे, सूर्य!"

"सूर्याला साटा कळत नाही."

पुन्हा फेसला. थेंब टाकला. तरंगला. पोळ्या लाटल्या. थर लावले. गुंडाळी केली, कापली, लाटली. जाळ बारीक केला. सूर्याचा अर्धा गोळा शेंड्याखाली गेला होता. पहिला घाणा निघाला. गोंदाजीनं कानाशी नेऊन मोडला.

'फस्.'

"नाही झालं."

वाघानं डोळे मिटले. नवरीनं झाड घट्ट धरलं.

दुसरा घाणा. तुपात चिरोटे हळूहळू फुलले. एक पदर सुटला, मग दुसरा, मग सगळेच. गोंदाजीनं एक उचलला. कानाशी नेला.

चुर्र.

"झालं."

वाघानं धावत जाऊन विहिणीच्या कानाशी दुसरा मोडला. चुर्र! इतका स्वच्छ की नदीपलीकडच्या मुंग्यांनी मान वर केली. विहीणबाईंच्या मिशीत चुरा अडकला. त्यांनी उरलेला तोंडात टाकला. हिरड्यांवर ठेवला. तो ठेवल्या ठेवल्या विरघळला.

"कसा आहे, विहीणबाई?" वाघानं विचारलं.

मिठारामनं चोच उघडली. वाघानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. चोच मिटली.

विहीणबाईंनी पंजा पुढं केला.

"अजून एक," त्या म्हणाल्या.

लग्न लागलं. सगळं जंगल जेवायला बसलं. कुणाचे पुढचे दात गेलेले, कुणाच्या दाढा. चिरोट्याला त्यांची गरज लागली नाही.

गोंदाजी सगळ्यांच्या पायांपाशी बघत होता. पूर्वी ज्या तोंडातून चिमूटभर सांडायचं, त्या तोंडातून आता मूठभर सांडत होतं. दातांत फटी पडल्या होत्या ना. असा चुरा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी मुंग्या सामानसुमान घेऊन परत आल्या. आठव्या दिवशी गोंदाजीचे खवले पुन्हा घट्ट बसले.

नियमाचा दगड अजून तिथंच आहे. त्यावर दर वर्षी शेंदूर लावतात. भीमाबाईला पाण्यात साट्याचा थेंब तरंगतो का, ते बघायचं काम दिलं. ते तिला जमतं. मिठारामनं शब्दांची शाळा काढली. पहिला धडा 'चुर्र'. तो म्हणतो, हा शब्द मीच शोधला.

भोपळा गोंदाजीच्या उशाशी असतो. दर वर्षी कुणीतरी विचारतं, "आबा, ते दात आता टाकून द्यायचे का?"

गोंदाजी म्हणतो, "ज्याचे असतील त्यानं न्यावेत."

तात्पर्य: काम येण्यासाठी दात लागत नाहीत. आलेलं काम हातात ठेवण्यासाठी लागतात. ते आपल्याच तोंडात उगवलेले आहेत का, हे कुणी तपासत नाही. फक्त बाकीच्यांनी आपले कुठं पुरलेत, ते आपल्याला ठाऊक असावं.